कांदा नको, घड्याळ बघा : फिटच्या आजारावर वाचकांचे प्रश्न

अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार असलेल्या मोठ्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी प्रश्न पाठवावेत, असं गेल्या अंकात कळवलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यांत आजाराच्या कारणांपेक्षा गोळ्यांच्या वेळा, बाथरूमची कडी, गाडी आणि लग्न यांचीच चौकशी जास्त आहे, आणि ते योग्यच आहे. नीट निवडलेलं औषध नियमित घेतलं तर दहांतल्या सुमारे सात जणांच्या फिट थांबतात. पण ते ‘नियमित’ घरात ठरतं, ओपीडीत नाही. खाली दिलेल्या मात्रा समजून घेण्यापुरत्या आहेत. तुमची मात्रा तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचीच.

माझे मिस्टर फाउंड्रीत कामाला आहेत. महिन्यापूर्वी त्यांना घरी फिट आली. शेजारच्या मामांनी कांदा फोडून नाकाला लावला, दिरांनी चमच्यानं दातखीळ सोडवायचा प्रयत्न केला, त्यात पुढचा दात हलला. सासूबाई म्हणतात, कांद्यानंच शुद्ध आली. नेमकं काय करायचं असतं?
— एक वाचक, शिरोली

पहिलं काम घड्याळ बघणं. अंगभर झटके देणारी फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपली आपण थांबते. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, म्हणून श्रेय कांद्याला मिळतं. चपलेचं आणि किल्ल्यांच्या जुडग्याचंही तेच. कांदा लावल्यानं नुकसान नाही असं वाटतं, पण त्या दोन मिनिटांत माणूस उताणा पडलेला असतो आणि तोंडातला फेस आत जात असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मिस्टरांना जिथं पडले तिथंच राहू द्या. फक्त चूल, भट्टी, पाणी किंवा जिना जवळ असेल तरच हलवा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवा, चष्मा काढा, शर्टाचं वरचं बटण आणि पट्टा सैल करा. झटके जरा ओसरले की कुशीवर वळवा, तोंड किंचित जमिनीकडं, म्हणजे लाळ बाहेर गळेल. हातपाय दाबून धरू नका. आकसलेले स्नायू आणि तुमची ताकद यांच्या ओढाताणीत खांदा निखळतो. तोंडात चमचा, बोट, रुमाल काही नाही. जीभ गिळली जात नसते. चावली जाते, पण ती सुरुवातीच्याच क्षणी. तुम्ही चमचा आणेपर्यंत चावून झालेली असते. चमच्यानं मात्र दात तुटतो आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ निळसर दिसले तर घाबरायला होतं, पण अंग ताठरलेलं असताना थोडा वेळ तसं होतं, झटके थांबले की रंग परत येतो.

फिट थांबल्यावर दहा मिनिटं ते अर्धा तास माणूस गोंधळलेला असतो. उठून चालायला लागतो, अडवलं तर ढकलतो. तेव्हा धरून ठेवू नका, फक्त दाराकडं, गॅसकडं जाण्याची वाट अडवून उभं राहा. कपड्यात लघवी झाली असेल तर वर चादर टाका आणि बघ्यांना बाहेर काढा. स्वतःचं नाव आणि आपण कुठं आहोत हे नीट सांगेपर्यंत पाणी, चहा, गोळी काहीही पाजू नका.

पाच मिनिटं झाली आणि झटके चालूच आहेत, तर १०८ला फोन करा, किंवा हाताशी गाडी असेल तर सीपीआर म्हणजे आपला थोरला दवाखाना किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. पाच मिनिटांच्या पुढं गेलेली फिट सहसा आपोआप थांबत नाही, म्हणून ही मर्यादा. याखेरीज शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, आयुष्यातली पहिलीच फिट आहे, बाई गरोदर आहे, मधुमेह आहे, फिट पाण्यात आली, डोक्याला मार लागला किंवा अंगात ताप आहे, तर मिनिटं मोजत बसू नका, लगेच निघा.

डॉक्टरांकडून मिडॅझोलॅमचा नाकात मारायचा फवारा लिहून घ्या. तो फिट लांबली तरच वापरायचा. इथं एक घोटाळा हमखास होतो. बाजारात एका दाबाला ०.५ मिलिग्रॅम देणाऱ्या आणि १.२५ मिलिग्रॅम देणाऱ्या अशा दोन्ही बाटल्या मिळतात. पहिल्या बाटलीसाठी सांगितलेले दाब दुसऱ्या बाटलीतून मारले तर मात्रा अडीचपट होते, उलट झालं तर फिट थांबतच नाही. म्हणून वजनानुसार किती दाब, निम्मे कुठल्या नाकपुडीत, हे डॉक्टरांसमोरच चिकटपट्टीवर लिहून बाटलीवर लावा, आणि नवी बाटली आणली की मिलिग्रॅम ताडून बघा. फवारा दिल्यावर श्वासाकडं लक्ष ठेवा.

कामाचं म्हणाल, तर वितळलेल्या धातूजवळचं आणि क्रेनखालचं काम सध्या नको. कंपनीतून पॅकिंग, तपासणी किंवा स्टोअरचं काम मागून घ्या, आणि पाळीतल्या दोघांना तरी वरचा सगळा भाग सांगून ठेवा.

मी यंत्रमागावर आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, सकाळी ८ ते रात्री ८ आणि उलट. सोडियम व्हॅल्प्रोएट दिवसातून दोनदा आहे. पाळी बदलली की गोळी चुकते. चुकली तर दोन एकदम घेऊ का?
— एक वाचक, इचलकरंजी

दोन एकदम कधीच नाही. दिवसातून दोनदा असलेली गोळी चुकल्याचं सहा तासांच्या आत आठवलं तर तेव्हाच घ्या. त्यापुढं गेलं असेल तर ती सोडा आणि पुढची ठरल्या वेळी घ्या. दिवसातून एकदाच असलेल्या गोळीला साधारण बारा तासांची सवलत आहे. गोळी घेतल्यावर पंधरावीस मिनिटांत उलटी होऊन ती अख्खी बाहेर दिसली, तरच पुन्हा घ्यायची.

आता पाळीचं. पाळी फिरते पण घड्याळ फिरत नाही. सकाळी साडेसात आणि रात्री साडेसात या दोन वेळा पक्क्या करा. दिवसपाळीला तुम्ही साडेसातला घरातून निघत असाल, रातपाळीला रात्री साडेसातला. म्हणजे दोन्ही आठवड्यांत एक गोळी निघताना घरी आणि दुसरी मागाजवळ. म्हणून कामाच्या ठिकाणी चार गोळ्यांची पट्टी वेगळी ठेवा. मागांच्या खडखडाटात अलार्म ऐकू येत नाही. मोबाइल व्हायब्रेशनवर ठेवून पँटच्या खिशात घाला, शर्टाच्या नको.

खरा धोका मात्र गोळीइतकाच झोपेचा आहे. पाळी बदलतानाच्या दिवशी तुम्ही चोवीस तासांत तीनचार तासच झोपत असाल. चुकलेली गोळी आणि मोडलेली झोप एकाच दिवशी गाठ पडली की फिटला आणखी कारण लागत नाही. शक्य असेल तर मालकाकडं कायमची दिवसपाळी मागा. डॉक्टरांचं पत्र जोडलं तर बोलणं सोपं जातं. नसेल जमत, तर रातपाळीहून आल्यावर जाड पडदा लावून सलग सात तास झोपा. अधूनमधून दोन दोन तास झोपलेलं त्यात धरू नका.

आम्ही प्रयाग चिखलीचे. पुराच्या वेळी घर सोडावं लागतं. वडिलांच्या फिटच्या गोळ्या भिजल्या तर चालतात का? आणि गोळ्यांचा डबा वापरावा का?
— एक वाचक, करवीर तालुका

भिजलेल्या चालत नाहीत, आणि न भिजताही नुसत्या दमट हवेनं बिघडतात, हे फार जणांना माहीत नसतं. कार्बामॅझेपिनची गोळी दमटपणात कडक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि तिचा एकतृतीयांशापर्यंत परिणाम कमी होऊ शकतो. व्हॅल्प्रोएट हवेतलं पाणी ओढून मऊ, चिकट होतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. अशा दिवसांत गोळ्या पट्टीतून काढून आठवड्याच्या डब्यात भरल्या तर रविवारची गोळी सोमवारच्या गोळीसारखी राहत नाही. डबा जरूर वापरा, पण पट्टी कात्रीनं कापून, प्रत्येक गोळी तिच्या फॉइलमध्येच ठेवून. बाथरूममधलं कपाट, फ्रिजचं डोकं, देवघराचा कोनाडा या तिन्ही जागा नकोत.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता आणि गावांचे रस्ते तर पाण्याखालीच होते. मृगाचा पाऊस सुरू झाला की घरात नेहमीच्या साठ्याखेरीज पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा. त्या दाबून बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स, पिशवीवर वडिलांचं नाव. चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर असू द्या. दर महिन्याला ही पिशवी उघडून त्यातल्या गोळ्या वापरायच्या आणि नवीन भरायच्या, नाहीतर ऐन वेळी मुदत संपलेल्या हाती येतात. छावणीत गेल्यावर आरोग्य पथकाला पहिल्याच दिवशी आजार सांगा, गोळ्या संपायच्या दिवशी नव्हे.

मेडिकलवाला म्हणतो, कंपनी वेगळी पण औषध तेच. घेऊ का?
— एक वाचक, गडहिंग्लज

एखाद्या वेळी गोळीच न मिळण्यापेक्षा वेगळ्या कंपनीची बरी. पण दर महिन्याला कंपनी बदलत राहणं बरं नव्हे, विशेषतः फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनच्या बाबतीत. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी सुरू केलीत तर तीच चालू ठेवा. स्वस्त म्हणून ती कमअस्सल नसते. पट्टीवर तीन गोष्टी जुळवा: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, आणि पुढं ‘सीआर’, ‘ईआर’ किंवा ‘क्रोनो’ असं काही आहे का. ही अक्षरं असलेली गोळी हळूहळू विरघळते. तिची कूट करायची नाही. साध्या गोळीच्या जागी ती, किंवा तिच्या जागी साधी, असं परस्पर करायचं नाही.

फेनिटॉइनबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडं ते अजून भरपूर लिहिलं जातं आणि लोक परस्पर एक गोळी वाढवतात. यकृताची ते पचवायची क्षमता एका पातळीला संपते. त्यापुढं ३०० मिलिग्रॅमचे ४०० केले की रक्तातली पातळी तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, ती दुपटीवरही जाऊ शकते. मग एकाच्या जागी दोन दिसतं, चालताना तोल जातो, जीभ जड होते. रस्त्यात लोकांना वाटतं, गडी पिऊन आलाय. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हिरड्या सुजून वर येणं हाही याच औषधाचा परिणाम. दिवसातून दोनदा दात घासणं आणि सहा महिन्यांनी दंतवैद्य, एवढं केलं तर तो आटोक्यात राहतो.

मेडिकलमधून आपणहून घेतलेल्या इतर गोळ्यांचंही बघा. जुलाबासाठी सर्रास मिळणारं ऑफ्लॉक्सासिन, त्याच जातीचं सिप्रोफ्लॉक्सासिन आणि दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल यांनी फिट यायची शक्यता वाढते. क्षयाच्या औषधांतलं आयसोनियाझिड फेनिटॉइनची पातळी चढवतं, रिफाम्पिसिन बऱ्याच औषधांची उतरवतं. कुठल्याही डॉक्टरांसमोर बसलात की पहिलं वाक्य ‘मला फिटची अमुक गोळी चालू आहे’ हे असावं. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं तरी फिटची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे भूलतज्ज्ञांना आवर्जून विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं.

मी २६ वर्षांची आहे. व्हॅल्प्रोएट चालू आहे, दोन वर्षांत फिट नाही. स्थळं येताहेत. घरचे म्हणतात सांगू नकोस, आणि लग्न ठरलं की गोळ्या बंद कर. मुलाला हा आजार होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि घरच्यांचे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

आधी गोळ्या. त्या एकदम बंद केल्या तर ऐन लग्नाच्या धावपळीत, झोपेचे हाल असताना, लांबलेली फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतणारी असते. पण व्हॅल्प्रोएट हे मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी शेवटचा पर्याय असावं, हेही तितकंच खरं. गरोदरपणात ते चालू राहिलं तर शंभरांत सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण दोनतीन असतं. शिवाय दहांतल्या तीनचार मुलांना पुढं बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येतात. म्हणून आत्ता, लग्न ठरायच्या आधीच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅमवर जाता येईल का ते विचारा. नवीन औषध हळूहळू चढवून जुनं उतरवायला काही महिने लागतात. लॅमोट्रिजिन तर मुद्दाम फार सावकाश चढवतात, कारण घाईत अंगावर पुरळ उठायचा धोका असतो. व्हॅल्प्रोएट सोबत चालू असताना तो वेग आणखी कमी ठेवावा लागतो. नव्या औषधाच्या पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून फोलिक ॲसिड सुरू करावं. फिटचं औषध घेणाऱ्या बायकांना आपल्याकडं बहुधा रोज ५ मिलिग्रॅम देतात. गरोदरपणात लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी घसरते, मात्रा वाढवावी लागते आणि बाळंतपणानंतर ती परत कमी करायला विसरायचं नाही. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. अंगावर पाजायला बहुतेक औषधांत हरकत नसते. पाजताना जमिनीवर, गादीवर, भिंतीला टेकून बसा, आणि बाळाला एकटीनं अंघोळ घालू नका. रात्रीचं एखादं पाजणं काढलेल्या दुधावर दुसऱ्या कुणाकडं द्या. आईची झोप हा इथं औषधाचाच भाग आहे.

मूल लगेच नको असेल तर हे लक्षात ठेवा: फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन घेणाऱ्या बाईला माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही, तिला तांबी चांगली. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे, गर्भनिरोधक गोळीच त्याची पातळी पाडते.

आनुवंशिकता : काही प्रकारांत थोडी असते, पण अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांच्या मुलांना तो होत नाही.

आता सांगायचं की नाही. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींत पूर्वी लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. १९९९च्या दुरुस्तीनं तो काढून टाकला. म्हणजे तुमचं लग्न आजारामुळं बेकायदा ठरत नाही. पण लपवलं तर फसवणुकीचा वाद उभा राहू शकतो. त्याहून रोजची अडचण मोठी: लपवलेली गोळी लपूनच खावी लागते, आणि लपून खाल्लेली गोळी चुकते. साखरपुड्याच्या आधी, दोन्ही घरांची भेट झाल्यावर, डॉक्टरांच्या कागदासह सांगा. त्यावर आजाराचा प्रकार, औषध आणि किती काळ फिट नाही एवढं असलं की पुरे. त्यावर जे स्थळ मागं फिरेल ते फिरू द्यावं.

फिट येऊन तीन वर्षं झाली. ॲक्टिव्हा चालवली तर चालेल ना?
— एक वाचक, राजारामपुरी

नाही. लायसन्सच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये, म्हणजे स्वतःच्या प्रकृतीच्या घोषणापत्रात, अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, हे सरळ विचारलेलं असतं. काही देशांत वर्षभर फिट नसेल तर परवानगी मिळते. आपल्या नियमांत तशी सवलत नाही. खोटं ‘नाही’ लिहून चालवलीत आणि अपघात झाला तर पोलीस आणि विमा दोन्हीकडून अडकाल. केएमटीची बस, रिक्षा, मागं बसणं, एवढंच. मागं बसतानाही हेल्मेट, आणि गोळी बदलत असेल त्या काळात मागं बसणंही नको.

ईईजी नॉर्मल आला. मग आजार नाही ना? मला रोज सकाळी उठल्यावर हात झटकतात, चहाचा कप सांडतो. मोठी फिट एकदाच, परीक्षेच्या काळात आली होती.
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेची अर्ध्या तासाची नोंद. त्या अर्ध्या तासात काही घडलं नाही तर तो नॉर्मल येतो. पहिल्या वेळी तो साधारण निम्म्याच रुग्णांत काही दाखवतो. निदान होतं ते प्रसंगाच्या वर्णनावरून. तुम्ही लिहिलेलं सकाळचं झटकणं, कप सांडणं आणि जागरणानंतरची मोठी फिट यावरून तरुण वयात सुरू होणाऱ्या एका ठरावीक प्रकाराची शंका घ्यायलाच हवी. हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण लोक ‘मोठी फिट’ तेवढी सांगतात आणि कप विसरतात. या प्रकारात कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइननं झटके वाढू शकतात, तेव्हा कप सांगितला नाही तर औषधच चुकतं.

पुन्हा ईईजी करायचा झाल्यास रात्री कमी झोपून यायला सांगतील. डोकं शाम्पूनं धुऊन, तेल न लावता जा. चालू गोळी सांगितल्याशिवाय चुकवू नका. मित्राला सांगून प्रसंगाचा व्हिडिओ घ्या. डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, कुठला हात आधी, एवढं त्यात दिसलं पाहिजे.

एमआरआयमध्ये कृमीची गाठ निघाली. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा नाही. हे कसं? कोबी बंद करू का?
— एक वाचक, कागल

हा कृमी डुकराच्या मांसातून येतो एवढंच लोकांना ठाऊक असतं आणि तिथंच गोंधळ होतो. कच्चं राहिलेलं तसलं मांस खाल्लं तर आतड्यात टेपवर्म होतो. मेंदूत गाठ होते ती त्या कृमीच्या अंड्यांमुळं, आणि अंडी येतात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. ती शेतातल्या पाण्यातून भाजीवर किंवा न धुतलेल्या हातांतून ताटात येतात. माळकऱ्यालाही येतात. कोबी निर्दोष आहे. शिजवलेला कोबी पूर्ण सुरक्षित. कच्ची कोशिंबीर करायची तर वरची पानं काढून, एकेक पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवा. मुळा, कोथिंबीर, गाजर यांनाही हाच न्याय. घरात स्वयंपाक करणाऱ्यांसह सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्या. कुणाला टेपवर्म असेल तर एकदोन दिवसांच्या औषधानं तो जातो.

जंताची गोळी मेडिकलमधून आणून स्वतः घेऊ नका. अल्बेंडाझोल या गाठीवर देतात, साधारण किलोमागं १५ मिलिग्रॅम रोज, काही दिवस, पण आधी स्टेरॉइड सुरू करून आणि डोळ्यांचा पडदा तपासून. कृमी मरताना भोवती सूज येते, आणि ती सूजच फिट आणते. शिवाय आपल्या भागात क्षयाची गाठसुद्धा एमआरआयवर जवळपास अशीच दिसते, तेव्हा फरक तज्ज्ञांनीच करावा.

पोहणं, गुऱ्हाळ, स्वयंपाक : काय बंद, काय चालू?
— तीन पत्रांतून एकत्र

गुऱ्हाळावर जा, रस प्या, गूळ खा, पण उकळत्या काहिलीच्या कठड्याजवळ आणि चरकाजवळ उभं राहू नका. कडबाकुट्टी, नारळावर चढणं, मांडवाच्या परांचीवर काम, विहिरीच्या काठावर मोटर चालू करणं, हे दुसऱ्याकडं द्या. म्हशीची धार काढायला हरकत नाही.

पोहण्याबाबत आम्ही कडक आहोत. गेल्या वर्षभरात एकही फिट असेल तर पंचगंगा नको, विहीर नको, शेततळं नको. त्यापुढंही एकट्यानं नाही. सोबत्याला आजार माहीत हवा आणि तुम्हाला पाण्याबाहेर ओढण्याइतकी त्याच्या अंगात ताकद हवी. गढूळ पाण्यात बुडालेला माणूस दिसत नाही, म्हणून नदीपेक्षा तलाव बरा.

सगळ्यात जास्त इजा मात्र घरातच होते. अंघोळ स्टुलावर किंवा पाटावर बसून, बादलीनं. पाणी आधी सोसवेल इतकं करून मग बसा. आतून कडी नको. दाराबाहेर ‘आत आहे’ अशी पाटी अडकवा, दार बाहेर उघडणारं असेल तर उत्तम. स्वयंपाक करताना कढई उचलून ताटाकडं नेऊ नका, ताट कढईपाशी न्या. भांड्यांच्या मुठी आतल्या बाजूला. तळण घरात दुसरं कुणी असतानाच.

झोपेतल्या फिटबद्दल एका पत्रात हळूच विचारलं आहे, त्याचं उत्तर उघडच देतो. अपस्मारात अचानक मृत्यूचं प्रमाण मोठ्या माणसांत वर्षाला हजारांत एक असं आहे. अंगभर झटक्यांच्या फिट आटोक्यात नसतील, विशेषतः रात्रीच्या, तर ते वाढतं. त्यावर उपाय म्हणजे गोळी न चुकवणं, आणि फिट येतच असतील तर ‘असंच चालायचं’ म्हणून न बसता औषध बदलून घेणं. दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील तर शस्त्रक्रियेची तपासणी करणाऱ्या मोठ्या केंद्राची चिठ्ठी मागा.

नवरात्राचे उपवास करू का? मिरवणुकीतले लेसर?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उपवास करा, जागर नको. औषधानं उपवास मोडत नाही. गोळी वेळेवर आणि पाण्याबरोबर, म्हणून निर्जळी मात्र नको. लुकलुकत्या उजेडानं फिट येणारे लोक अपस्मार असलेल्या शंभरांत तीनच्या आसपास असतात. तुम्ही त्यांतले असाल तर एका डोळ्यावर तळहात दाबून धरा आणि तोंड फिरवा. नुसते डोळे मिटून भागत नाही. इतरांना लेसरपेक्षा पहाटे तीनपर्यंतची मिरवणूक आणि त्यानंतरची दारू जास्त बाधते. सकाळी दारू उतरत असतानाच फिट येते. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ यांचा फिटशी काही संबंध नाही. हेही तीन पत्रांत आलं होतं.

लेव्हेटिरासिटॅम सुरू झाल्यापासून दाजी फार चिडतात, भांडी आपटतात. आक्का म्हणते, आधी असे नव्हते.
— एक वाचक, जयसिंगपूर

आक्का बरोबर सांगतेय. या औषधानं काहींना चिडचिड, रडू, उदासी येते, बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंवा मात्रा वाढवल्यावर. तो स्वभाव नाही आणि भांडण काढायचा विषयही नाही. गोळी बंद करू नका. कधी सुरू झालं, किती वेळा, हे तारखेसह लिहून आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. जीव नकोसा झाल्याचं बोलत असतील तर आठवडा थांबायचं नाही. त्याच दिवशी न्या, तोवर एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

गोळ्या कधी बंद होणार?
— बऱ्याच वाचकांकडून

किमान दोन वर्षं एकही फिट नाही, सकाळचे झटके किंवा क्षणभर भान हरपणंही नाही, तर हा विषय काढता येतो. एमआरआयमध्ये जुना व्रण असेल, ईईजी बिघडलेला असेल किंवा सकाळी कप सांडण्याचा वर सांगितलेला प्रकार असेल, तर सहसा बंद करत नाहीत. बंद केलेल्यांत साधारण तिघांत एकाला फिट परत येते, बहुतेकांना पहिल्या वर्षात. म्हणून उतरवणं महिनोन्महिने चालतं, दोन औषधं असतील तर एका वेळी एकच, आणि क्लोबाझॅम किंवा फेनोबार्बिटोन असेल तर आणखी सावकाश. मुलीचं लग्न, ऊसतोड, परीक्षा, लांबचा प्रवास अशा महिन्यांत सुरुवात करू नका. उतरवण्याच्या काळात आणि त्यानंतर सहा महिने पाणी, उंची आणि यंत्र यांचे नियम पुन्हा पहिल्यासारखे कडक करा, आणि नाकाचा फवारा मुदतीत आहे का ते बघून ठेवा.